आधी राजे, मग शंभूराजे

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत रात्रीचे नऊ सगळ्या घरांत सारखे वाजत नाहीत. ज्याची टोळी दाणा मार्केटात किंवा मसाला मार्केटात, तो संध्याकाळी घरी येतो, हातपाय धुतो, जेवतो, टीव्हीसमोर बसतो. ज्याची टोळी भाजीपाला मार्केटात, त्याला मध्यरात्रीनंतर गाड्या खाली करायला वाशी गाठायची असते. नऊला त्याचा डोळा लागलेला असतो. २४ सप्टेंबर २०१७ रोजी झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सुरू झाली आणि पुढची जवळपास अडीच वर्षं या दोन्ही घरांत एकच विषय राहिला. पहिल्या घरात जेवणं नऊच्या आत उरकू लागली. दुसऱ्या घरातला माणूस दुपारी उठल्यावर चहाबरोबर पुन्हा दाखवलेला भाग बघायचा, नाहीतर पोराच्या मोबाइलवर. मार्केटात हातगाडीच्या कडेला विडी-तंबाखूच्या सुट्टीत बोलणं निघायचं ते आदल्या रात्री दरबारात काय झालं याचं.

इथली माणसं मूळची कुठली हे पाहिलं की त्या ओढीचं कारण कळतं. पाटण, जावळी, कोरेगाव, खटाव हे साताऱ्याचे तालुके. पुणे जिल्ह्यातले जुन्नर, आंबेगाव, खेड. मुंबईच्या मस्जिद बंदर भागातल्या घाऊक बाजारात या गावांतल्या दोन पिढ्यांनी पाठीवर पोती वाहिली. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आला आणि बाजारापाठोपाठ हमाल खाडी ओलांडून आले. सिडकोच्या त्या चिंचोळ्या बैठ्या घरांवर आता मजले चढले आहेत, खालच्या खोलीत दुकान आहे, वर मुलगा-सून आहेत. पण चैत्रात गावची जत्रा आली की वसाहत निम्मी रिकामी होते. आणि ज्या गावाला ती जाते तिथून गड दिसतो. जावळीकराला प्रतापगड, जुन्नरकराला शिवनेरी, पाटणकराला दातेगड. शिवाजी महाराजांचा इतिहास या माणसांना शाळेच्या पुस्तकात भेटण्याआधी गुरं चारताना भेटलेला असतो. त्यांच्यापुढे महाराज किंवा शंभूराजे म्हणून उभं राहायचं तर नटाला कसून परीक्षा द्यावी लागते.

ती परीक्षा आपल्या पिढीत सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत लांब पल्ल्याची दिली ती डॉ. अमोल कोल्हे यांनी. टीव्हीवरची ऐतिहासिक भूमिका नटाच्या आयुष्याचं काय करते, त्याला काय देते आणि त्याच्याकडून काय काढून घेते, हे बघायचं असेल तर त्यांच्या कारकिर्दीइतका मोठा दाखला मराठीत दुसरा नाही.

कोल्हे नारायणगावचे. वाशीच्या भाजी मार्केटात टोमॅटोचे क्रेट उतरवणाऱ्या कुणालाही नारायणगाव विचारा. हंगामात तिथून गाड्यांची रीघ लागते. महाराष्ट्राच्या रंगभूमीला मात्र हे गाव टोमॅटोच्या कितीतरी आधी माहीत होतं. तमाशाच्या फडांच्या राहुट्या इथे पडतात, जत्रांच्या सुपाऱ्या इथे ठरतात, गावोगावचे पंच नारळ घेऊन इथे येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावाचं नाव लावून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत गेल्या. तमाशाच्या उत्तररंगात, वगनाट्यात, राजे-रजवाडे, सरदार, फितूर कारभारी हीच मंडळी असत, आणि रात्री दोन वाजताही मैदानाच्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज हे त्या नटाचं भांडवल असे. कोल्हे तमाशातून आलेले नाहीत. पण ज्या मातीत खणखणीत बोलणाऱ्या राजाला टाळी पडते त्या मातीतून ते आले आहेत, आणि त्यांच्या शब्दफेकीत मला ती माती ऐकू येते. गावापासून शिवनेरी हाकेच्या अंतरावर. पुढे मुंबईत सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून, म्हणजे केईएममधून, ते एमबीबीएस झाले.

डॉक्टर झालेला माणूस ऐतिहासिक भूमिकेने घराघरांत पोचला, असं मराठीत आधीही एकदा झालं होतं. डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते आणि १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ मधल्या संभाजीने त्यांना नट केलं. घाणेकरांचा संभाजी धगधगता, दुखावलेला, बापाच्या प्रेमाला पारखा झालेला. प्रेक्षक त्यांच्या एंट्रीलाच वेडे होत. त्या नाटकाने संभाजीची जी प्रतिमा मराठी मनात कोरली ती पुढची पन्नास वर्षं पुसली नाही, आणि कोल्ह्यांना २०१७ मध्ये सामना करायचा होता तो तिच्याशीच. त्याकडे येतोच.

पडद्यावरचे महाराज त्याहून जुने. भालजी पेंढारकरांनी १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ केला तेव्हा चंद्रकांत मांडरे महाराज झाले. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत भालजींनी ऐतिहासिक चित्रपटाची जी रीत घातली, ती भरदार छाती, रोखलेली नजर, तोलून टाकलेला शब्द, हीच तीन पिढ्या प्रमाण ठरली. चंद्रकांत उत्तम चित्रकारही होते, आणि पडद्यावर त्यांच्या उभं राहण्यात चित्रकाराची नजर दिसते. मग दूरदर्शन आलं आणि ही उंची एकदम घरातल्या चौदा-वीस इंची खोक्यात आली. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ वरची गजानन जागीरदारांची मालिका आठवा. रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव यांच्या रमाबाई कुजबुजल्या तरी ऐकू येत, कारण कॅमेरा हातभर अंतरावर होता. १९८८ च्या ‘भारत एक खोज’ मध्ये श्याम बेनेगलांनी नसीरुद्दीन शाहांना शिवाजी महाराज केलं आणि ओम पुरींना औरंगजेब. दोघंही आवाज न चढवता बोलले. माझ्या मते टीव्हीवरच्या ऐतिहासिक अभिनयाची खरी वाट तिथे दाखवली गेली होती. पुढच्या मालिकांनी ती फारशी धरली नाही, ही हळहळ मला आजही आहे.

२४ नोव्हेंबर २००८ रोजी स्टार प्रवाह वाहिनी सुरू झाली ती ‘राजा शिवछत्रपती’ घेऊन. निर्माते नितीन चंद्रकांत देसाई, दिग्दर्शक हेमंत देवधर, जिजाऊंच्या भूमिकेत मृणाल कुलकर्णी, म्हणजे ‘स्वामी’ तल्या त्याच रमाबाई, आता राजमाता. शीर्षकगीताला अजय-अतुल यांनी कवी भूषणाच्या ब्रज भाषेतल्या छंदाला लावलेली चाल. ती चाल ऐकली नाही असं शिवजयंतीचं एकही मंडळ आज नवी मुंबईत सापडणार नाही. कोपरखैरण्यात १९ फेब्रुवारीला चौकाचौकातल्या स्पीकरवर ती लागते, आणि जिरेटोप घातलेली, पेन्सिलीने दाढी काढलेली चार-पाच वर्षांची पोरं तिच्यावर छाती काढून चालतात.

त्या मालिकेत महाराज झालेले कोल्हे तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते आणि फारसे कुणाला माहीत नव्हते. याचा त्यांना फायदाच झाला. ओळखीच्या चेहऱ्यावर आधीच्या भूमिकांची सावली असते. या चेहऱ्यावर ती नव्हती. लोकांनी त्यांना पाहिलं ते थेट महाराज म्हणूनच. चित्रीकरण चालायचं कर्जतजवळच्या एन. डी. स्टुडिओत, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या चौकच्या बाजूला. त्याच स्टुडिओत त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या ‘जोधा अकबर’ चे मोगली महाल उभे राहिले होते. देसाई मुळात कलादिग्दर्शक, चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेले. मराठी मालिकेच्या तुटपुंज्या पैशांत गड, दरबार, छावण्या उभ्या करण्याची जिद्द त्यांच्यात होती. २ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच स्टुडिओत त्यांनी जीवन संपवलं. ऐतिहासिक मालिकांची गोष्ट सांगताना त्यांचं नाव ओझरतं घेऊन पुढे जाणं मला जमत नाही. पडद्यावरच्या रायगडाचा दगड खरा वाटला तो या माणसामुळे.

तो दगड म्हणजे प्लायवूड, पीओपी आणि फायबर. रोजच्या मालिकेला दिवसाकाठी वीस-बावीस मिनिटांचा मजकूर लागतो, आठवड्याचे सहा दिवस. नटाचा दिवस सुरू होतो तो मेकअपच्या खुर्चीत. दाढी-मिशी डिंकासारख्या चिकट द्रवाने बसवायची, कल्ले जुळवायचे, कपाळावर शिवगंध काढायचं, आणि हे सगळं कालच्या सीनमध्ये होतं तसंच असायला हवं, नाहीतर एका दाराबाहेर एक महाराज आणि दाराच्या आत दुसरे. मग अंगरखा, शेला, कमरेचा दुशेला, कट्यार, कवड्यांची माळ, जिरेटोप. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली लाइट चालू झाले की घाम दाढीच्या कडेतून वाट काढतो आणि कड सुटते. मेकअपदादा हातात ब्रश घेऊन कॅमेऱ्याच्या मागेच उभा असतो.

लढाई असली की जमाव बोलावला जातो. चाळीस-पन्नास मावळे कॅमेऱ्यासमोरून आरोळी देत धावत जातात, सेटच्या मागून वळसा घालून पुन्हा रांगेत येतात आणि पुन्हा धावतात. काहींचे फेटे बदलले की तेच गनीम होतात. घोडे दिवसाच्या भाड्याने येतात, त्यांच्याबरोबर त्यांचा माणूस येतो आणि सीन घोड्याच्या मर्जीने चालतो. नटाला संवाद पाठ असून भागत नाही. घोडं फिरलं, तोंड कॅमेऱ्याकडून गेलं की तोच आवेश पुन्हा पहिल्यापासून. आपण टीव्हीवर बघतो ते अर्धं मिनिट. त्याच्यामागे सकाळ गेलेली असते.

‘राजा शिवछत्रपती’ संपल्यावर कोल्ह्यांपुढे तो प्रश्न आला जो अशा प्रत्येक नटापुढे येतो. महाराज झालेल्या माणसाला लोक प्रियकर म्हणून, कारकून म्हणून, फसलेला नवरा म्हणून बघायला तयार होत नाहीत. रस्त्यात लोक पायाला हात लावतात. निर्माते बोलावतात ते पुन्हा जिरेटोप चढवायलाच. काही नट या दाराशी थांबतात आणि कुढतात. कोल्हे त्या दारातूनच पुढे गेले. काळ तोच, पण आता मालिका आपली. जगदंब क्रिएशन्स ही निर्मितीसंस्था उभी राहिली आणि ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ तिच्या नावाने आली. लेखन प्रताप गंगावणे यांचं, दिग्दर्शन कार्तिक राजाराम केंढे यांचं. महाराजांच्या भूमिकेत शंतनू मोघे, येसूबाई प्राजक्ता गायकवाड, जिजाऊ प्रतीक्षा लोणकर, आणि संभाजीराजे स्वतः कोल्हे.

यातली एक गोष्ट मला नटासाठी फार अवघड वाटते आणि तिच्याबद्दल कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही. नऊ वर्षांपूर्वी जो माणूस महाराष्ट्रासाठी महाराज होता, तोच आता दुसऱ्या नटाच्या महाराजांपुढे मान खाली घालून मुलगा म्हणून उभा राहणार होता. प्रेक्षकाच्या डोक्यात जुनी प्रतिमा ताजी होती. कोल्हे जरा ताठ उभे राहिले असते तरी फ्रेममध्ये दोन शिवाजी महाराज झाले असते. शंतनू मोघ्यांबरोबरच्या सुरुवातीच्या प्रसंगांत त्यांनी आवाज खालच्या पट्टीत नेला, नजर बापाच्या चेहऱ्यावर जास्त वेळ ठेवली आणि बोलण्याआधी किंचित थांबणं घेतलं. परवानगी मागणाऱ्या मुलाचं ते थांबणं होतं. सदतिसाव्या वर्षी त्यांनी विशीतला शंभूराजा उभा केला तो मेकअपपेक्षा त्या थांबण्यातून.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. संभाजी महाराजांना मराठी वाङ्मयाने फार काळ न्याय दिला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली. त्यांच्या घराण्यातल्या बाळाजी आवजींना संभाजीराजांच्या आज्ञेने मृत्युदंड झाला होता. तो सल मनात ठेवून लिहिल्यासारखं ते चित्र होतं, आणि नाटकांनी, कादंबऱ्यांनी तेच रंग पुढे चालवले: तापट, व्यसनी, बापाच्या शब्दाबाहेरचा. १९६० मध्ये वा. सी. बेंद्र्यांचं चरित्र आलं आणि कागदपत्रांच्या आधारावर दुसरा माणूस दिसू लागला. संस्कृत जाणणारा, ‘बुधभूषण’ ज्याच्या नावावर आहे असा. येसूबाईंना स्वतंत्र शिक्का देऊन कारभार सोपवणारा. एकाच वेळी मोगल, सिद्दी, पोर्तुगीज अशा आघाड्या नऊ वर्षं लढवणारा. वढूची शंभूराजांची समाधी शोधून काढण्याचं श्रेयही बेंद्र्यांचंच. पण अभ्यासकांचं चरित्र कोपरखैरण्याच्या खालच्या खोलीत पोचत नाही. तिथे पोचली होती ती शिवाजी सावंतांची ‘छावा’, गावच्या वाचनालयातून आलेली, पानं सुटलेली. आणि मग पोचली ही मालिका.

मालिकेचं सर्वांत मोठं काम मी हेच मानतो. अभ्यासकांनी पन्नास-साठ वर्षं मांडलेला संभाजी तिने अडीच वर्षांत स्वयंपाकघरापर्यंत नेला. माझ्या शेजारच्या गल्लीतल्या बायका येसूबाईंच्या कारभाराबद्दल बोलताना मी ऐकल्या आहेत. ज्यांच्या तोंडी आधी संभाजी म्हणजे औरंगजेबाने केलेले हाल एवढंच होतं, त्यांना बुऱ्हाणपूर, रामसेज, जंजिरा ही नावं पाठ झाली. रामसेज नाशिकजवळचा एवढासा किल्ला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षं झुंजवलं. मालिका संपल्यावर तिथे जाणाऱ्यांची संख्या वाढल्याचं गिर्यारोहक मंडळी सांगतात, आणि इथल्या मंडळांनीही सहली काढल्या.

तिच्यातल्या उणिवा झाकून ठेवण्याचं कारण नाही. रोजच्या मालिकेला रोज एक कारस्थान लागतं. दरबाराचं रूप त्यामुळे कधीकधी एकत्र कुटुंबातल्या भांडणासारखं झालं. सोयराबाई आणि अण्णाजी दत्तो यांच्यावर खलत्वाचा सगळा भार पडला. अण्णाजींनी कट केला आणि त्यांना देहान्त शिक्षा झाली हा इतिहास आहे, पण त्याआधी महाराजांच्या जमीन महसुलाची घडी बसवणारा कर्तबगार सुरनिसही तोच माणूस होता. ती कर्तबगारी दाखवायला मालिकेने जागा दिली असती तर शंभूराजांचा पेच अधिक खोल झाला असता: ज्याने राज्य उभं करायला मदत केली त्यालाच शिक्षा द्यायची वेळ. कोल्ह्यांसारख्या नटाला त्या पेचात करण्यासारखं कितीतरी होतं. आवेशाच्या संवादांच्या क्लिप मोबाइलवर फिरल्या, अजून फिरतात. मला त्यांचे लक्षात राहिलेले प्रसंग वेगळे आहेत. येसूबाईंशी एकांतात बोलतानाचे, शिर्क्यांशी नातं तुटल्यानंतरचे, ज्यात ते जवळजवळ काहीच करत नाहीत आणि फक्त ऐकतात. ऐकणारा राजा टीव्हीवर दुर्मीळ आहे.

मालिका चालू असताना, २०१९ च्या सुरुवातीला, कोल्हे राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. त्याआधी ते शिवसेनेत होते. शिरूर मतदारसंघातून लोकसभेला उभे राहिले आणि सलग तीनदा निवडून आलेल्या शिवाजीराव आढळराव पाटलांना त्यांनी हरवलं. नकाशा उघडून हा मतदारसंघ बघावा. त्याच्या उत्तरेला जुन्नर आहे, म्हणजे शिवनेरी, महाराजांचं जन्मस्थान. आणि दुसऱ्या टोकाला वढू बुद्रुक, शंभूराजांची समाधी. दोन्ही भूमिका केलेल्या नटाच्या वाट्याला दोन्ही स्थळं मतदारसंघ म्हणून आली. मे २०१९ ते फेब्रुवारी २०२०, असे नऊ महिने तो माणूस दिल्लीत खासदार होता आणि रात्री नऊला संभाजी.

त्यावर दोन टोकांची मतं आहेत. कुणी म्हणतं, भूमिकेच्या पुण्याईवर मतं घेतली. कुणी म्हणतं, लोकांनी माणूस ओळखला. मला दोन्ही अपुरी वाटतात. भूमिकेने चेहरा दिला हे उघड आहे. मात्र २०२४ मध्ये, पक्ष फुटल्यानंतर, सत्तेबाहेरच्या गटातून, त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर ते पुन्हा निवडून आले, तेव्हा मालिका संपून चार वर्षं झाली होती. दरम्यान चित्रीकरण आणि मतदारसंघ यांच्या ओढाताणीवर विरोधकांनी बोट ठेवलं, आणि ती टीका उगाच नव्हती. खासदारकी पूर्ण वेळ मागते, मालिकाही पूर्ण वेळ मागते. बैलगाडा शर्यतींचा प्रश्न मात्र त्यांनी लोकसभेत लावून धरला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिल्यावर त्यांनी, शर्यतीत घोडी धरण्याचा दिलेला शब्द पाळत, निमगाव दावडीच्या खंडोबाच्या घाटात बैलांपुढे घोडी पळवली. घाटात बैलांपुढे घोडी धरणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पाठीमागून बैल उधळलेले असतात आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला त्याची किंमत कळते. भूमिकेसाठी शिकलेलं घोडं तिथे कामी आलं.

काढून घेतलेल्याचा हिशेबही मांडायला हवा. २०१७ साली त्यांनी एका हिंदी चित्रपटात नथुराम गोडसे केला होता. जानेवारी २०२२ मध्ये तो ओटीटीवर येणार म्हटल्यावर गदारोळ उठला. पक्षातूनही नाराजी आली. शरद पवारांनी कलावंत म्हणून त्यांची बाजू घेतली. कोल्ह्यांनी आळंदीला जाऊन आत्मक्लेश केला. दुसऱ्या एखाद्या नटाने ती भूमिका केली असती तर दोन दिवसांची बातमी झाली असती. इथे लोकांना सहन झालं नाही, कारण ज्या चेहऱ्याला त्यांनी महाराज मानलं तोच चेहरा हे करतो कसा. खासदारकीने आगीत तेल ओतलं, पण आग भूमिकेची होती. चिन्मय मांडलेकरांचं तेच. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ अशा चित्रपटांतून त्यांनी महाराज उभे केले, आणि एप्रिल २०२४ मध्ये मुलाच्या नावावरून कुटुंबाला इतका त्रास झाला की यापुढे ती भूमिका करणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. एका गुणी नटाने आपल्या सर्वोत्तम भूमिकेला रामराम ठोकला, आणि त्याला तसं करायला भाग पाडणारे स्वतःला महाराजांचे भक्त म्हणवत होते. मला त्याचा मनापासून राग आहे. महाराजांनी माणसं जोडली. त्यांच्या नावाने नटाच्या लेकराला शिव्या घालणं कुठल्या भक्तीत बसतं?

कोल्हे ती भूमिका सोडून गेले नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये सोनी मराठीवर त्यांच्या संस्थेची ‘स्वराज्यजननी जिजामाता’ सुरू झाली, अमृता पवार आणि पुढे नीना कुळकर्णी जिजाऊ झाल्या, आणि कोल्हे पुन्हा महाराज. ऑक्टोबर २०२२ मध्ये आग्र्याहून सुटकेवरचा ‘शिवप्रताप गरुडझेप’ आला; त्याचं काही चित्रण खुद्द आग्र्याच्या किल्ल्यात झालं. मग ‘शिवपुत्र संभाजी’ हे महानाट्य, लेखन-दिग्दर्शन महेंद्र महाडिकांचं. उघड्या मैदानावर, घोड्यांसह, हजारो माणसांपुढे. २०२३ च्या उन्हाळ्यात कराडच्या प्रयोगात घोड्यावर असताना त्यांच्या पाठीला दुखापत झाली. टीव्हीवर चुकलेलं पुन्हा करता येतं; मैदानात घोडं घसरलं की घसरलं. कोपरखैरण्यातून गावी गेलेली कितीतरी माणसं सातारा-कराडच्या बाजूला असे प्रयोग बघून आली आणि महिनाभर त्याबद्दल बोलत राहिली. मुंबईतल्या नाटकाच्या तिकिटाला जो माणूस कधी हात लावत नाही तो मैदानावरच्या महानाट्याला बायकापोरांसह जातो, कारण ते त्याला जत्रेच्या घराण्यातलं वाटतं. विष्णुदास भाव्यांच्या नावाचं नाट्यगृह इथून जवळच, वाशीत आहे. वसाहतीतली किती माणसं तिथे गेली असतील याचा विचार मराठी नाटकवाल्यांनी करावा.

१४ फेब्रुवारी २०२५ ला हिंदी ‘छावा’ आला. विकी कौशलचा संभाजी देशभर पोचला, कोपरखैरण्यातली पोरं तो दोनदा-तीनदा बघून आली. पण घरातल्या मोठ्यांना विचारलं की ते हमखास तुलना करतात, आणि तुलना असते ती टीव्हीवरच्या संभाजीशी. तीन तासांचा राजा आणि अडीच वर्षांचा राजा यांत फरक असणारच. रोज घरी येणारा माणूस आजारी पडला, चिडला, हरला, हसला, हे सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. शेवटच्या भागांच्या वेळी, संगमेश्वराला फितुरी झाल्यापासून, वसाहतीतल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांनी टीव्ही लावणंच सोडलं होतं. पुढचं त्यांना बघवणार नव्हतं.

कोल्हे १९८० साली जन्मले. महाराजांचं आयुष्य पन्नास वर्षांचं, १६३० ते १६८०. म्हणजे २०३० मध्ये नट त्या राजाच्या शेवटच्या वयाचा. आतापर्यंत पडद्यावर आपण पाहिले ते अफजलखानासमोरचे, आग्र्यातले, राज्याभिषेकाचे महाराज. दक्षिण दिग्विजयानंतर परतलेले, व्यंकोजीराजांशी वाटणीवरून मन दुखावलेले, घरात दोन तट पडलेले, थोरला मुलगा दिलेरखानाच्या गोटात जाऊन परत आलेला, असे पन्नाशीचे महाराज पडद्यावर आतून फारसे कुणी दाखवलेले नाहीत. जानेवारी १६८० मध्ये पन्हाळ्यावर बापलेकांची शेवटची भेट झाली. मालिकेत कोल्ह्यांनी ती शंभूराजांच्या बाजूने केली आहे. तीच भेट त्यांनी आता महाराजांच्या बाजूने करावी: घोडा नको, तलवार नको, मैदान नको, पन्हाळ्यावरची एक खोली आणि दोन माणसं. ते केलं तर कोपरखैरण्यात भाजी मार्केटवालाही रात्री नऊला जागा राहील, याची मला खात्री आहे.